लग्नाच्या मांडवातला जॅझ

मुंबई आणि गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांत जॅझ शिरला तो 1930 च्या दशकात, आणि पुढची तीस-चाळीस वर्षे तो तिथे घरच्यासारखा वावरला. तो आला नाचासाठी. कान देऊन ऐकण्याचे संगीत म्हणून त्याच्याकडे तेव्हा फारसे कुणी पाहत नव्हते. चर्चमधला विधी आटोपला की घराच्या अंगणात, जिमखान्यात किंवा पॅरिशच्या सभागृहात स्वागतसमारंभ होई. तिथे जोडीने नाचायचे तर बँड हवा, आणि त्या काळात नाचाचा बँड म्हणजे थोड्याफार फरकाने जॅझ बँडच असे. बँड कोणता बोलवायचा, त्यात माणसे किती आणि त्यांनी वाजवायचे काय, या गोष्टी ठरवताना लग्नघराच्या हौसेइतकाच जागेचा, पैशाचा, चर्चच्या कॅलेंडरचा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मर्जीचा विचार होई.

जॅझच्या आधीही या लग्नांत संगीताची वाण नव्हती. गोव्यात, विशेषतः सासष्टीतल्या भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, घरांत, एकोणिसाव्या शतकात मांडो हा गीतप्रकार बहरला. घरातल्या मोठ्या सालात, म्हणजे दिवाणखान्यात, स्त्री-पुरुष समोरासमोरच्या रांगांत उभे राहून संथ पावलांनी तो नाचत; साथीला व्हायोलिन आणि मातीचे घुमट असे. कुडतरी गाव तर मांड्याच्या रचनाकारांसाठीच नावाजलेले. पुष्कळसे मांडे लग्नप्रसंगी रचले गेले. मांडो संपला की चढ्या लयीची दुलपदे सुरू होत आणि सालातला गंभीरपणा मावळे. लग्नाच्या आदल्या दिवशी वधूवरांना नारळाचा रस चोळण्याचा रोस होई, त्या वेळची गाणी वेगळी. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन समाजात ‘उमराचं पाणी’ आणायला बायका वाजतगाजत विहिरीवर जात, आणि ब्रास बँड सुलभ झाल्यावर या मिरवणुकीपुढे तोच वाजू लागला. जॅझ आल्यावर यातले काहीही हद्दपार झाले नाही. रोस आणि उमराचं पाणी आपापल्या जागी राहिले. संध्याकाळच्या समारंभापुरती नवी व्यवस्था आली.

ही व्यवस्था उभी करायला लागणारी माणसे गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या घडत होती. पोर्तुगीज काळात चर्चला जोडून पॅरिश शाळा चालत. त्यांत मेस्त, म्हणजे संगीताचा मास्तर, मुलांना सोल्फेज्‌ शिकवी: स्वरलिपी पाहायची, हाताने ठेका धरायचा आणि स्वर नाव घेऊन गायचा. त्यानंतर हातात व्हायोलिन यायचे. हेतू एवढाच, की रविवारच्या मिस्साला गाणारे-वाजवणारे मिळावेत. यातून जे तयार झाले ते मात्र चर्चच्या गरजेपेक्षा कितीतरी मोठे होते. कागदावर लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवू शकणारे शेकडो तरुण एका लहानशा प्रदेशात निर्माण झाले आणि त्यांना पोटापाण्याला गोव्यात काम नव्हते. मग ब्रिटिश हिंदुस्थानातले लष्करी आणि पोलीस बँड, संस्थानिकांची बँडपथके, मूकपटांच्या थिएटरांतले वाद्यवृंद, आगबोटी आणि हॉटेले, जिथे सूर वाचणारा माणूस लागे तिथे गोवेकर पोचले. 1931 साली ‘आलम आरा’ आला, चित्रपट बोलू लागले, आणि मूकपटांना साथ करणाऱ्यांची रोजी बुडाली. यांतल्या बऱ्याच जणांनी नाचाच्या बँडची वाट धरली.

मुंबईत या वादकांचा अड्डा धोबीतलाव. तिथे गावोगावच्या गोवेकरांच्या कुडी होत्या. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून चालवलेली खोली किंवा मजला. भिंतीला लागून ट्रंका, कोपऱ्यात देव्हारा, रात्री चटया अंथरून झोपायचे. आगबोटीवर चढायची वाट पाहणारा खलाशी आणि कामाची वाट पाहणारा सॅक्सोफोनवाला इथे शेजारी-शेजारी असत. जवळच जेर महाल इमारतीत फुर्तादो यांचे वाद्यांचे आणि छापील संगीताचे दुकान होते. आणि प्रिन्सेस स्ट्रीटवर आल्फ्रेड नावाचे रेस्टॉरंट होते, त्याच्यासमोरच्या पदपथावर संध्याकाळी वादक जमत. बँडचा म्होरक्या येई, आज अमुक ठिकाणी लग्न आहे, एक ट्रम्पेट आणि एक ड्रमवाला कमी पडतोय, असे सांगे आणि माणूस उचलून घेऊन जाई. काळा सूट आणि बो टाय तयार ठेवलेल्याला काम लवकर मिळे. मुंबईतल्या लग्नसंगीताचा बाजार हा असा पदपथावर भरत असे.

त्या बाजारात जॅझ आला तो ताजमहाल हॉटेलच्या मार्गाने. 1935 साली लिऑन ॲबे हा आफ्रिकन-अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमध्ये आला. पूर्णपणे कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा जॅझ बँड मुंबईत येण्याची ही पहिली वेळ. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. वेदरफर्ड तर इकडचाच होऊन राहिला आणि 1945 मध्ये कलकत्त्यात पटकीने वारला. या मंडळींसोबत वाजवून किंवा नुसते ऐकून गोवेकर वादकांना एक गोष्ट कळली: कागदावर जे लिहिलेले असते ते सुरुवात असते. चालीला धक्का देणे, ठोक्याच्या किंचित मागे राहणे, मधल्या जागेत आपले काहीतरी रचणे हे मेस्ताने शिकवलेले नव्हते. फ्रँक फर्नांड, मिकी कोरिया, पारशी सॅक्सोफोनवादक रूडी कॉटन अशी एक पिढीच यातून उभी राहिली. हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवू लागला आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. नाव बदलण्याची ही रीत सर्रास होती. मडगावचा परेरा पुढे ‘ख्रिस पेरी’ झाला. पोस्टरवर अमेरिकन वाटणारे नाव असले की बिदागी थोडी चढते, हा व्यवहार त्यामागे होता.

ताजच्या बॉलरूममध्ये शिरणे सामान्य गोवेकर किंवा ईस्ट इंडियन कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते. पण तिथे रात्री वाजवणारा माणूस मोकळ्या संध्याकाळी माझगावच्या म्हातारपाखाडीत, गिरगावच्या खोताच्या वाडीत किंवा वांद्र्याच्या रणवार गावठाणात एखाद्याच्या लग्नात वाजवायला जाई. हॉटेलातला जॅझ कारकुनाच्या, मिस्त्रीच्या, नर्सच्या लग्नापर्यंत पोचला तो असा. अमेरिकेतल्या प्रकाशकांनी छापलेल्या नाचाच्या चालींचे संच, प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद असलेले, मुंबईत विकत मिळत. पाहताक्षणी वाचणाऱ्या वादकांच्या हाती ते पडले की नवी चाल फार तालमीवाचून लग्नात वाजू शके. अनोळखी माणसे पदपथावरून गोळा करूनही बँड का जमत असे, याचे उत्तर यातच आहे.

चर्चच्या आत मात्र यातले काही चालत नसे. पोप दहावे पायस यांनी 1903 साली चर्चमधल्या संगीताविषयी कडक आदेश काढला होता. त्यात पियानोला, ढोल-झांजांसारख्या गोंगाटाच्या वाद्यांना आणि एकूण बँडलाच चर्चमध्ये मनाई होती. ग्रेगोरियन गायन आदर्श मानले गेले होते. त्यामुळे लग्नाच्या मिस्साला ऑर्गन, कॉयर आणि फार तर व्हायोलिन. सकाळी कॉयरच्या माडीवर उभा राहून अत्यंत सोवळेपणाने ‘आवे मारिया’ वाजवणारा व्हायोलिनवादक संध्याकाळी त्याच लग्नाच्या मांडवात सॅक्सोफोन गळ्यात अडकवून उभा दिसे. पाद्रीबाबालाही ते ठाऊक असे. दोन्हीकडची दक्षिणा वेगळी घेतली जाई, एवढेच. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली आणि चर्चमध्ये कोकणी-मराठी गायन व गिटार आली, तरी जॅझ दाराबाहेरच राहिला.

संध्याकाळच्या समारंभाचा क्रम हळूहळू ठरून गेला आणि निवडीचा प्रश्न त्या क्रमाच्या चौकटीतच सुटत असे. वधूवर दारात आले की लग्नाचा मार्च, मेंडेल्सनचा किंवा वॅग्नरचा. मग केक, मग टोस्ट. एखादा मामा किंवा काका खिशातून कागद काढून, घसा साफ करून, वधूवरांच्या गुणांचे वर्णन करी. शेवटी ग्लास उंचावले की बँड ‘जॉली गुड फेलो’ची चाल चढ्या आवाजात सुरू करी. त्यानंतर वधूवरांचा पहिला नाच. तो वॉल्ट्झ. इथे जॅझची एक अडचण होती: जॅझच्या बहुतेक चाली चार मात्रांच्या, आणि वॉल्ट्झ तीन मात्रांचा. म्हणून पहिल्या नाचाला योहान स्ट्राउसच्या चाली किंवा जुनी इंग्रजी वॉल्ट्झ गाणी वाजत आणि जॅझचा नंबर त्यानंतर लागे. ग्रँड मार्च झाला, म्हणजे वधूवरांमागे जोड्या-जोड्यांनी सगळे पाहुणे सभागृहाला वळसे घालून आले, की फॉक्सट्रॉट सुरू होई. फॉक्सट्रॉट हेच जॅझचे हक्काचे घर. 1930 आणि 40 च्या दशकांतली ग्लेन मिलर, बेनी गुडमन, ड्यूक एलिंग्टन यांच्या बँडची संथ आणि मध्यम लयीची बरीच गाणी फॉक्सट्रॉटच्या पावलांवर बसत. ‘मूनलाइट सेरेनेड’ (1939) म्हाताऱ्यांनाही झेपे. ‘इन द मूड’ सुरू झाले की तरुण पुढे सरसावत.

ज्येष्ठांचे वॉल्ट्झ आणि टँगो, तरुणांचे क्विकस्टेप, रुंबा, सांबा आणि पन्नाशीच्या दशकात जाइव्ह असे वाटे पडत गेले. चांगला म्होरक्या वाद्याकडे कमी आणि खुर्च्यांकडे जास्त बघे. आजीबाई बसून कंटाळल्या आहेत, असे दिसले की एखादा जुना मांडो नाहीतर पोर्तुगीज चाल. नवऱ्याच्या ऑफिसातले मित्र नुसतेच कोपऱ्यात उभे आहेत, असे दिसले की जाइव्ह. शेवटाला ‘मसाला’: कोकणी आणि ईस्ट इंडियन गाण्यांची एकापाठोपाठ एक गुंफण, ज्यात सगळे गोल धरून नाचत आणि बूट काढून फेकत. जॅझवाले वादक या भागाला नाक मुरडत, पण बक्षिसीच्या नोटा याच वेळी निघत. गोव्यात यानंतरही एक विधी उरे. वधूकडची मंडळी परतताना गावाच्या वेशीशी फेणी ओतून जमिनीवर ‘शीम’ म्हणजे सीमारेषा आखत, नारळ फोडत, फटाके उडवत. बँडला तिथपर्यंत चालत जावे लागे. ट्रम्पेट आणि ड्रम जाऊ शकत. पियानोवाला मात्र घरीच बसे.

लहान लग्नात खरा हिशेब माणसांचा होता. ताजमधला बँड आठ-दहा जणांचा असे. शंभर माणसांच्या लग्नाला तो परवडतही नसे आणि मांडवात मावतही नसे. तीन जणांत काम भागवायचे तर एक सूर वाजवणारा (व्हायोलिन किंवा सॅक्सोफोन), एक सुरावटीचा आधार देणारा आणि एक ड्रमवाला. सभागृहात पियानो असेल तर पियानोवादक, नसेल तर ॲकॉर्डियन. ॲकॉर्डियनला मांडवात मान होता: तो खांद्यावरून नेता येतो, वीज लागत नाही, आणि एकटाच चाल व साथ दोन्ही सांभाळतो. पाच जणांची सोय झाली की डबल बास आणि ट्रम्पेट येत. ट्रम्पेटविषयी लग्नघरे सावध असत. पत्र्याच्या छपराखाली, कमी उंचीच्या खोलीत उघडा ट्रम्पेट म्हणजे जेवणाऱ्यांच्या कानठळ्या. म्हणून जेवण चालू असताना त्याच्या तोंडात म्यूट, तो धातूचा शंकूसारखा बोळा, खुपसून वाजवायची पद्धत होती. त्याने आवाज दबून घोगरा होतो, आणि गंमत अशी की त्यामुळेच तो जॅझच्या अधिक जवळ जातो. आवाज वाढवायची यंत्रे महाग आणि बेभरवशाची होती. मायक्रोफोन असलाच तर एक, तोही गाणाऱ्यापुढे. बँडच्या आवाजाची पट्टी जागेनेच ठरवून दिलेली असे.

म्होरक्या बयाणा घेई तेव्हा दोन गोष्टी पक्क्या करी: किती वाजेपर्यंत वाजवायचे आणि बँडचे जेवण कुठे. गाण्यांची यादी घेऊन येणारे लग्नघर विरळा. फार तर पहिला वॉल्ट्झ कोणता आणि कुठले गाणे अजिबात वाजवायचे नाही, एवढे सांगितले जाई. आज जॅझ निवडताना जो प्रश्न अनेकांना पडतो, की ओळी लग्नाला साजेशा आहेत का, तो त्या काळी फारसा पडलाच नाही. जॅझची नावाजलेली प्रेमगीते तपासली तर निम्मी विरहाची निघतात. ‘ऑटम लीव्ह्ज’ हे सोडून गेलेल्याच्या आठवणीचे गाणे आहे. कोल पोर्टरचे ‘एव्हरी टाइम वी से गुडबाय’ (1944) तर नावातच निरोप घेते. ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ (1937) मधला प्रियकर देखणा नाही, हे त्यात बऱ्याच तपशिलाने सांगितलेले आहे. पण सॅक्सोफोनला शब्द नसतात. वाद्यावर ही सगळी गाणी लग्नात निर्धास्त वाजली आणि कुणाचा संसार त्यामुळे बिघडला नाही. गायिका असली तर प्रश्न येई, आणि मग जेरोम कर्नचे ‘द वे यू लुक टुनाइट’ (1936) यासारखे सरळ कौतुकाचे गाणे उपयोगी पडे.

पारशी लग्ने आणि नवजोत, म्हणजे मुलांचा दीक्षाविधी, हे या वादकांचे दुसरे मोठे गिऱ्हाईक. चर्नी रोडच्या ऑलब्लेस बागेसारख्या ठिकाणी संध्याकाळी धर्मगुरूंचे आशीर्वाद होत, मग केळीच्या पानावरच्या जेवणाच्या पंगती बसत, आणि एका बाजूला मंचावर गोवेकर बँड वॉल्ट्झपासून जाइव्हपर्यंत सगळे वाजवी. पारशी घरांत पियानो शिकण्याची परंपरा असल्याने ऐकणाऱ्यांचे कान तयार असत. चूक झाली की पहिल्या ओळीतल्या एखाद्या बाई मान वळवून पाहत, असे वादक हसत सांगत.

हिंदू लग्नांत, आणि म्हणून बहुतेक मराठी लग्नांत, जॅझ या रूपात आला नाही. कारण उघड आहे. तिथे जोडीने नाचायची चाल नव्हती, आणि संगीत लागे ते सनई-चौघड्याचे मांडवात किंवा ब्रास बँडचे वरातीत. चालत्या वरातीला पियानो आणि डबल बास काय कामाचे? तरीही जॅझ वरातीत शिरलाच, फक्त चित्रपटांच्या वळणाने. 1950 मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली आणि नाइटक्लबांचा धंदा बसला. फाळणीनंतर लाहोरसारख्या शहरांतून आलेले वादक आधीच मुंबईत दाटले होते. शंकर-जयकिशन यांचे संगीत पुढे ज्यांनी सजवले ते सेबास्टियन डिसोझा लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात बँड चालवत होते. हॉटेलातले काम आटल्यावर ही मंडळी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांकडे वळली. त्याच सुमारास पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, हिंदी गाण्यांत पाश्चात्त्य ठेका मुरवत होते, आणि त्यांच्याबरोबर चिक चॉकलेट काम करत होता. 1951 च्या ‘अलबेला’त तर चिक आणि त्याचा बँड क्युबन धाटणीचे झालरींचे शर्ट घालून पडद्यावरच दिसतो.

‘अलबेला’चे नायक भगवानदादा पालव गिरणगावच्या वातावरणातले, त्यांचा नाच साध्या, कुणालाही जमणाऱ्या पावलांचा. ती पावले आणि त्या चाली गल्लोगल्लीच्या ब्रास बँडनी उचलल्या आणि त्या गणपतीच्या मिरवणुकीत व लग्नाच्या वरातीत वाजू लागल्या. घोड्यावर बसलेल्या नवरदेवापुढे क्लॅरिनेटवाला जी तान मारी, तिचे मूळ कधी कधी धोबीतलावच्या कुडीत आणि त्याही मागे न्यू ऑर्लिन्समध्ये असे. ते वऱ्हाडाला माहीत असण्याचे कारण नव्हते, आणि बहुधा बँडवाल्यालाही नव्हते.

ख्रिस्ती लग्नांत वादकांच्या मिळकतीला चर्चच्या कॅलेंडरचा वेढा होता. नाताळपूर्वीचा ॲडव्हेंट आणि ईस्टरपूर्वीचा लेंट या काळांत समारंभपूर्वक लग्ने सहसा लावत नाहीत. त्यामुळे नाताळ ते लेंट आणि ईस्टर ते पाऊस असे दोन हंगाम उरत. मे महिन्यात मुंबईचे गोवेकर गावी जात, लग्ने तिथे होत, आणि बँडही आगबोटीने किंवा रेल्वेने त्यांच्यामागे जाई. उरलेले महिने काढायला चित्रपट आणि हॉटेले. या तिन्ही कामांत एकच माणूस असल्यामुळे सूर इकडून तिकडे फिरत राहिले. आदल्या दिवशी स्टुडिओत वाजवलेला तुकडा लग्नात ऐकू येई, लग्नातली कोकणी चाल चित्रपटात. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे शिकलेल्या संगीतकार प्यारेलालांनी 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’त त्यांचे नाव गाण्यात गुंफले. त्या चित्रपटानंतर ते नाव ख्रिस्ती नसलेल्या लग्नांतही वाजू लागले.

वादकांना स्वतःला काय वाजवायला आवडे हा वेगळा विषय. 1940 च्या दशकात अमेरिकेत बीबॉप हा जॅझचा नवा प्रकार आला, आणि तो नाचायला कठीण. मुंबईतल्या तरुण वादकांना त्याने झपाटले. रात्री काम संपल्यावर ते एकमेकांसाठी बीबॉप वाजवत. नेऊऱ्याचे ब्राझ गोन्साल्विस पुढे रागांवर आधारित जॅझकडे गेले. 1958 मध्ये डेव्ह ब्रूबेक, 1963 मध्ये ड्यूक एलिंग्टन आणि 1964 मध्ये लुई आर्मस्ट्राँग मुंबईत वाजवून गेले, तेव्हा जॅझ ही बसून ऐकण्याची कला आहे ही समजूत दृढ झाली. निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने 1978 मध्ये धोबीतलावच्याच रंगभवनात पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली. प्रतिष्ठा वाढली, पण जॅझ आणि लग्न यांच्यातली दरीही वाढली. मैफलीतला वादक डोळे मिटून वाजवतो. लग्नातल्याला डोळे उघडे ठेवावे लागतात.

साठीच्या दशकात चर्चगेट स्ट्रीटवरच्या गेलॉर्ड, बॉम्बेली, व्हेनिस अशा ठिकाणी बँड वाजत होते, आणि व्हेनिसमध्ये वाजवणाऱ्या ख्रिस पेरी यांनी लॉर्ना कोर्देरो या तरुण गायिकेला घेऊन कोकणी गाण्यांना जॅझची वाद्यरचना दिली. लग्नसंगीताच्या दृष्टीने ही मोठी घटना होती. तोवर इंग्रजी जॅझ आधी आणि कोकणी ‘मसाला’ शेवटी अशी फाळणी असे. आता ब्रास आणि सॅक्सोफोनची तीच ऐट मातृभाषेत मिळू लागली. गोव्यातल्या लग्नांत लॉर्नाची गाणी अजून वाजतात, आणि या जोडीच्या आयुष्यावर बेतलेल्या बार्द्रॉय बारेटो यांच्या ‘नाचुंया कुंपासार’ या चित्रपटाने ती पुढच्या पिढीपर्यंत नेली.

बँड आक्रसत गेला तो विजेमुळे. इलेक्ट्रिक गिटार आणि बास आल्यावर आठ जणांचे काम चार जण करू लागले. ऐंशीच्या दशकात की-बोर्ड आला. त्यावर एका हाताने बास, दुसऱ्याने चाल आणि बटण दाबून ड्रम. डबल बासवाला सगळ्यात आधी गेला, मग ड्रमवाला. नव्वदीत सिंथेसायझरने चित्रपटांचे मोठे वाद्यवृंद मोडले आणि स्टुडिओतून सुटलेले वादक पुन्हा लग्नांकडे आले, तेव्हा तिथे डीजे आधीच पोचला होता. पन्नास-साठ पाहुण्यांच्या लग्नात एकटा डीजे स्वस्त पडतो आणि त्याच्याकडे वॉल्ट्झपासून झिंगाटपर्यंत सगळे असते. व्हायोलिन-ॲकॉर्डियनचा लग्नातला बँड त्यानंतर गोव्यातल्या काही घरांत आणि मुंबईच्या जुन्या पारशी समारंभांत तगून राहिला.

अलीकडे तीन-चार जणांचा जॅझ लहान लग्नांत परतला आहे, आणि त्याला हातभार लावणारे एक कारण सरकारी आहे. ध्वनिप्रदूषणाबाबतच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांवर निर्बंध घातले. मोकळ्या जागेतल्या वाद्यांनाही ते पुढे लागू झाले, बंद सभागृहाला सवलत राहिली. गोव्यात समुद्रकाठी होणारी लग्ने यामुळे दहाच्या ठोक्याला बंद पडू लागली. त्यावर तोडगा म्हणून आवाज वाढवण्याची गरज नसलेले सॅक्सोफोन, पियानो आणि डबल बास असे त्रिकूट बंदिस्त दालनात जेवणाच्या वेळी ठेवतात. आताचे वधूवर बहुधा चर्चच्या चौकटीतले नसतात. मराठी, पंजाबी, तमिळ, कुणीही असतात, आणि नाचण्यापेक्षा बोलता येईल इतपत संगीत त्यांना हवे असते. यादी मात्र ते स्वतः करून आणतात. तिच्यात ‘फ्लाय मी टू द मून’ असते, 1967 चे ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’ असते, आणि एटा जेम्सने 1960 मध्ये गाऊन गाजवलेले ‘ॲट लास्ट’ही असते, जे खरे तर 1940 च्या दशकात ग्लेन मिलरच्या बँडचे नाचाचे गाणे म्हणून आले होते. पहिल्या नाचासाठी ते निवडणारे पुष्कळ असतात. वॉल्ट्झची सक्ती उरलेली नाही, त्यामुळे चार मात्रांचा जॅझ आता पहिल्या नाचालाही चालतो. डीजेची पाळी जेवणानंतर, दार लावून घेतल्यावर येते.